भ्यालेल्या कुत्र्याचे घर

शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील भटकी कुत्री पकडावीत, त्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. शिरूरचे एस. टी. स्थानक आणि दौंडचे रेल्वे जंक्शन ही दोन्ही ठिकाणे अशा आदेशाच्या कक्षेत उघडच येतात. त्यानंतर या विषयावर जी चर्चा झाली ती बहुतांशी दोन टोकांची होती. एका बाजूस, कुत्री एकदाची हटवा असे म्हणणारे. दुसऱ्या बाजूस, त्यांच्या केसालाही धक्का लावू नका असे म्हणणारे. या कोलाहलात एक साधा प्रश्न मागे पडला. पकडून नेलेले कुत्रे पुढे कोठे जाणार? ते जन्मभर पिंजऱ्यात राहणार, की त्याला केव्हा तरी घर मिळणार? आणि घर मिळायचे असेल, तर त्याच्या अंगात भिनलेली भीती कोण घालविणार?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रातील १२ लाख ७६ हजारांच्या आसपास होती. एवढ्या जिवांना कायमचे निवारे बांधून देणे कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले नाही; तालुक्याच्या नगरपरिषदेच्या तर नाहीच नाही. म्हणून याच न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात घालून दिलेली एक वाट महत्त्वाची आहे. रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याने नगरसंस्थेकडे अर्ज करावा, कुत्र्याला खुणेचा बिल्ला लावून ते त्याच्या स्वाधीन करावे आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याने घ्यावी, अशी ही तरतूद आहे. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. याचे एक कारण असे की, कुत्रे मागायला येणाऱ्याला बहुधा गोजिरवाणे पिलू हवे असते. काठीचा मार खाल्लेले, मोटारीखाली पाय सापडलेले, आईपासून वा मालकापासून अकस्मात तुटलेले मोठे कुत्रे कोणी मागत नाही. असे कुत्रे कोपऱ्यात अंग चोरून बसते, ताटलीतले अन्न माणसासमोर खात नाही, हात पुढे केला की दात दाखविते. मग त्याच्यावर 'चावरे' असा शिक्का बसतो आणि तेथेच त्याचा निकाल लागतो.

हा शिक्का पुष्कळदा अन्यायाचा असतो. कुत्रा चावतो त्याच्या मुळाशी अनेकदा दुष्टपणा नसून भीती असते, हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक सांगत आले आहेत. माणसाच्या बाबतीत ही गोष्ट आपली भाषा कधीपासून जाणते. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते, असे आपण म्हणतो आणि त्या माणसाला दोष देत नाही. कुत्र्याची वेळ आली की मात्र नळीत घातलेल्या वाकड्या शेपटाची म्हण आपल्याला आठवते. वस्तुतः या प्राण्याला पहिलीच म्हण अधिक लागू पडते, आणि याचा पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचा मोठा पूर आला. तेथील प्रयोगशाळेत इव्हान पावलॉव्ह हे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ कुत्र्यांवर प्रयोग करीत असत. पाणी कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत शिरले आणि त्यांना मोठ्या शर्थीने पाण्यातून पोहवत बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली, त्यांच्या अंगावर जखम नव्हती. परंतु त्यांपैकी काही कुत्र्यांच्या वागण्यात विलक्षण फरक पडला. महिनोन्‌महिने शिकविलेल्या गोष्टी ती विसरली. एका कुत्र्याच्या बाबतीत असे दिसले की, प्रयोग करणारा माणूस खोलीत त्याच्याजवळ नुसता बसून राहिला की त्याचे शिकलेले वागणे परत येई. तो उठून गेला की पुन्हा सारे नाहीसे होई. अशा सोबतीने ते कुत्रे हळूहळू पूर्ववत झाले. त्यानंतर एके दिवशी दाराखालून पाण्याची एक बारीक धार खोलीत सोडण्यात आली. तेवढ्याने त्याचा सारा धसका परत उसळून वर आला.

पावलॉव्ह यांनी पुस्तकरूपाने नोंदविलेल्या या अनुभवात दोन गोष्टी आहेत, आणि भ्यालेल्या कुत्र्याचा सांभाळ करू पाहणाऱ्याला त्या दोन्ही ठाऊक असायला हव्यात. पहिली ही की, धसक्यावर पहिले औषध विश्वासू माणसाची शांत सोबत हे आहे. दुसरी ही की, बरा झालेला धसका संपलेला नसतो. तो झोपी गेलेला असतो. वर्षभर नीट वागणारे कुत्रे दिवाळीच्या पहिल्या फटाक्याला पलंगाखाली शिरले किंवा दार उघडे दिसताच पळाले, तर ते कृतघ्न झाले असे समजू नये. त्याच्या दाराखालून पाण्याची धार आली आहे, एवढेच समजावे.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांनी गोळीबार केला, त्यात स्थानकाच्या परिसरातील एक भटके कुत्रेही गोळी लागून जखमी झाले. त्याला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयात नेण्यात आले. तेथे ते जगले, त्याचे नाव शेरू ठेवण्यात आले आणि पुढे कित्येक वर्षे ते रुग्णालयातच राहिले. ज्या रात्री मुंबईत माणसांच्या प्रेतांची रास पडली होती, त्या रात्री कोणाला तरी एका बेवारशी कुत्र्याला उचलून नेण्याचे सुचले, ही गोष्ट त्या शहराला भूषणावह आहे. आणि ते रुग्णालयही आकस्मिक उभे राहिलेले नाही. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज खवळून उठला, दंगल झाली, व्यवहार बंद पडले. या प्रकरणानंतर १८३४ मध्ये मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली, आणि पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी मुंबईची संस्था निघाली. भटक्या कुत्र्यांचे काय करायचे हा वाद या प्रांतात जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि त्यातून संस्था उभारता येतात हेही येथेच सिद्ध झालेले आहे.

परंतु रुग्णालय म्हणजे घर नव्हे. धसका घेतलेल्या कुत्र्यांना घरापर्यंत नेता येते काय, याचे उत्तर अमेरिकेतील एका खटल्याने दिले. २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यात मायकेल व्हिक या नामांकित फुटबॉलपटूच्या मालकीच्या जागेतून, झुंजींसाठी पाळलेली सुमारे पन्नास कुत्री जप्त झाली. झुंजीची कुत्री सुधारत नाहीत, त्यांना मारून टाकणेच बरे, अशी तोपर्यंत सर्वसाधारण समजूत होती. न्यायालयाने तसे केले नाही. प्रत्येक कुत्र्याची वेगवेगळी तपासणी करविली. असे दिसून आले की, त्यांतील बहुतेक कुत्री आक्रमक नव्हती. ती भेदरलेली होती. सर्वांत अवघड समजली गेलेली २२ कुत्री युटा राज्यातील एका प्राणिनिवाऱ्यात गेली, बाकीची निरनिराळ्या संस्थांकडे. पुढे त्यांतील अनेकांना घरे मिळाली. या साऱ्या सांभाळासाठी नऊ लाखांहून अधिक डॉलर न्यायालयाने दोषी खेळाडूकडून वसूल करविले. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज पोटभर जेवणही मिळत नाही. कुत्रे हौसेने आणून, ते आजारी पडले वा बदलीची ऑर्डर आली की हमरस्त्याच्या कडेला सोडून देणाऱ्याला या कायद्याची भीती का वाटावी?

आता एक आक्षेप येईल, आणि तो शिरूर तालुक्यात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड व जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत अवघ्या तीन आठवड्यांत तीन माणसे गेली. त्यांत दोन मुले होती. ज्या गावांत आईबाप मुलांना अंगणात सोडायला घाबरतात, तेथे कुत्र्याच्या भीतीची कसली चर्चा करता, असे कोणी विचारले तर त्याचा राग येऊ नये. त्यात रेबीजची भर आहे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचत नाहीच, आणि जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. कुत्रा चावलेल्या मुलाच्या बापाला भूतदयेचे प्रवचन ऐकविणे हे क्रौर्यच होय.

तथापि या दोन्ही संकटांचा विचार केला, तर भ्यालेल्या कुत्र्याला घर मिळवून देण्याचे काम निरर्थक ठरत नाही. उलट अधिक निकडीचे ठरते. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. शेतीच्या प्रदेशात राहणाऱ्या या बिबट्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, म्हणजे सुमारे ३९ टक्के, असल्याचे त्यांना आढळले. शिरूरची स्थितीही उसाच्या फडांची आणि पाटपाण्याची आहे. वस्तीभोवती रात्री मोकळी हिंडणारी कुत्री बिबट्याला वस्तीपर्यंत आणणारे आमिष ठरतात. रेबीजचेही तसेच. वस्तीतील सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर या रोगाची साखळी तुटते, असे हे शास्त्र सांगते. परंतु जे कुत्रे माणूस दिसताच पळते, त्याला लस टोचणार कशी? ज्याला घर आहे, जे रात्री आत असते, ज्याला हात लावता येतो, ते कुत्रे सहसा चावत नाही, रोग पसरवीत नाही आणि बिबट्याला बोलावीतही नाही. म्हणून त्याची भीती घालविणे ही केवळ दयेची बाब नाही. ती गावाच्या सुरक्षिततेची बाब आहे.

हे काम अवघड नाही. ते संथ आहे. पशुवैद्याकडून तपासणी, रेबीजची लस, जंताचे औषध आणि नसबंदी ही पहिली पायरी. त्यानंतर कुत्र्याला घराचा एक कोपरा नेमून द्यावा. जुने पोते, पाण्याचे भांडे, वर आडोसा, एवढे पुरे. प्राणिनिवाऱ्यांत काम करणारी मंडळी एक ढोबळ हिशेब सांगतात: पहिले तीन दिवस कुत्रे फक्त भेदरलेले असते, तीन आठवड्यांत त्याला घराचे वेळापत्रक कळते, आणि आपण येथलेच आहोत हे समजायला तीन महिने लागतात. ज्याने फार सोसले त्याला याहूनही अधिक लागतात. या काळात त्याला बोलावू नये, पाहुण्यांना दाखवू नये, उचलून मांडीवर घेऊ नये. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच माणसाने भाकरी ठेवावी आणि जरा दूर, त्याच्याकडे न पाहता, आडवे तोंड करून बसावे. बसून वर्तमानपत्र वाचावे, वह्या तपासाव्यात. जवळ यायचे की नाही ते कुत्र्याने ठरवावे. ते आले तर डोक्यावर वरून हात न नेता, खालून, हनुवटीशी हात न्यावा. घरात काठी घेऊन कोणी फिरू नये. झाडूसुद्धा काही काळ त्याच्या नजरेआड असावा. लहान मुलांना त्याच्यापाशी एकटे सोडू नये, आणि ते खात असताना तर मुळीच नाही. दाराला कडी आणि गळ्यात पट्टा हवाच, कारण भ्यालेले कुत्रे पळाले की ते घरचा रस्ता शोधत नाही, नुसते पळत सुटते. आणि नगर रस्त्यावरची वाहने कोणासाठी थांबत नाहीत.

यात पैसा किती लागतो? फार नाही. लागतो तो वेळ आणि ठरावीकपणा. जे घर रोज सकाळी एका वेळी उठते, दुपारी एका वेळी परतते आणि संध्याकाळी दिवाबत्तीला घरी असते, ते घर अशा कुत्र्याला औषधासारखे असते. शिक्षकांची आणि कारकुनांची घरे बहुधा अशीच असतात. एकसुरी म्हणून ज्या दिनक्रमाला आपण कंटाळतो, तोच या प्राण्याला हवा असतो. उद्या काय घडेल याचा भरवसा नसणे हेच त्याचे दुखणे आहे; त्यावर कालच्यासारखाच आजचा दिवस हा उतारा आहे.

घराची निवड मात्र डोळसपणे व्हावी. राखणीला कुत्रे हवे, असे म्हणून पुष्कळ जण येतात. राखण मागण्यात गैर काही नाही. मेंढपाळ धनगरांची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करीत आली आहेत. पण तेथे कुत्रे माणसांबरोबर चालते, माणसांबरोबर जेवते. मळ्यातल्या खांबाला चोवीस तास साखळीने बांधलेले कुत्रे हे राखणदार नव्हे. रात्री उसातून येणाऱ्या बिबट्यापुढे वाढून ठेवलेले ताट आहे. आधीच भ्यालेल्या जिवाला तेथे देणे म्हणजे त्याला घर देणे नव्हे. कुत्रे रात्री कोठे झोपेल, सुटीत घर बंद असताना त्याला कोण पाहील, बदली झाली तर काय, हे तीन प्रश्न मागणाऱ्याला विचारलेच पाहिजेत. उत्तर समाधानकारक नसेल तर संकोच न करता नाही म्हणावे.

यासाठी संस्थांनी काय करावे? पहिले काम नगरपरिषदांचे. न्यायालयाने सांगितलेला दत्तक अर्ज एका पानाचा, मराठीत आणि कचेरीच्या खिडकीत सहज मिळणारा असावा. घर हवे असलेल्या कुत्र्यांची एक नोंदवही असावी. तीत कुत्र्याचे वय व लसीबरोबर त्याचा स्वभाव आणि त्याला कशाची भीती वाटते तेही लिहावे. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे २०२३ चे नियम नसबंदी व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवरच टाकतात. त्या खर्चाच्या मानाने एका नोंदवहीचा खर्च तो काय? दुसरे काम काही घरांनी करावयाचे आहे. कायमचे कुत्रे ठेवणे सर्वांना जमणार नाही, पण एखाद्याला दोन-तीन महिने ठेवून, माणसाळवून पुढच्या घरी देणे जमू शकेल. माहेरपणासारखे ठरावीक दिवसांचे हे घर म्हणजे पिंजरा आणि कायमचे घर यांमधला पूल होय. तिसरे काम विद्यार्थ्यांचे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडले जातात, झाडे लावली जातात. त्याच शिबिरात पशुवैद्यांकडून कुत्र्यांची देहबोली शिकता येईल आणि चाव्याची जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठायचा, हेही गावाला सांगता येईल. याच तालुक्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि हाताने काम करीत शिकण्याचा धडा घालून दिला. निवाऱ्याचे चांगले पिंजरे, सावलीचे छप्पर, आडोशाची खोकी या गोष्टी अशा शिक्षणातून गावातच तयार होऊ शकतात.

हे येथल्या लोकांच्या स्वभावाला परके नाही. मोराची चिंचोली याच तालुक्यात आहे. तेथे मोर अंगणात येतात, कारण तेथल्या माणसांनी त्यांच्यावर दगड न मारण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट येथल्या घराघरांत सांगितली जाते. जेजुरीच्या खंडोबाजवळ आणि दत्ताच्या पायांशी कुत्री असतातच. मोराला देखणेपणामुळे आणि तसबिरीतल्या कुत्र्याला देवामुळे जे मिळते, ते दारातल्या लंगड्या, खरजेल्या कुत्र्याला मिळत नाही, एवढाच काय तो फरक. संविधानाच्या ५१-अ कलमाने सजीवांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. १९७६ पासून पुस्तकात असलेले हे कर्तव्य नेमके कोणी आणि केव्हा पार पाडायचे, हे मात्र आपण एकमेकांवर ढकलीत आलो आहोत.

स्थानकांतून आणि शाळांच्या आवारांतून कुत्री उचलली जातील, तेव्हा धसका घेतलेल्या कुत्र्यांची संख्या वाढणार आहे, कारण ज्या फलाटावर ते जन्मले त्याचा प्रत्येक वास आणि आवाज त्याच्यापासून तुटणार आहे. त्या वेळी निवारा हे केवळ कोंडण्याचे ठिकाण ठरू नये, ही खबरदारी आधीच घ्यावी लागेल. शिरूर आणि दौंडच्या नगरपरिषदांनी पुढच्या दिवाळीचे फटाके वाजू लागण्यापूर्वी अशी नोंदवही उघडावी, आणि दोन्ही गावांतील दहा-दहा घरांनी तीन-तीन महिन्यांसाठी आपला एक कोपरा देऊ करावा. वर्षभरात किती कुत्री माणसाळली, किती घरी गेली आणि किती परत आली याचा हिशेब नगरपरिषदेच्या फलकावर लावावा. तो हिशेब सर्वांना दिसेल, आणि पुढचा वाद त्या आकड्यांवर करता येईल.